दोरीचं दुसरं टोक

गावंडकाका शत्रूच्या यानावर तोफ डागण्याआधी त्याला नोटीस देत. तोंडी नव्हे, लेखी. "आपणास कळविण्यात येते की, आपले यान क्रमांक तीन आमच्या माऱ्याच्या हद्दीत येत आहे. हरकत असल्यास आत्ताच सांगावी." कागद माझ्या हातात द्यायचे, माझी सही घ्यायचे आणि मगच फासे टाकायचे. ही सगळी लढाई त्यांच्या पेणच्या घरात, जेवणाच्या टेबलावर चालायची.

घरोघरी नुकती केबल येत होती, तेव्हाची ही गोष्ट. मी रोह्याला एका केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये होतो आणि रविवारी एस्टीने पेणला घरी यायचो. काका आमचे शेजारी. जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, घरात एकटेच. एकदा रद्दीच्या दुकानात त्यांना अंतराळयानांच्या लढाईच्या खेळाचं इंग्रजी नियमपुस्तक मिळालं. नुसतंच पुस्तक. यानं नाहीत, फासे नाहीत. काकांनी ते आधी खात्याच्या मराठीत उतरवलं, मग हमरापूरच्या एका गणपतीवाल्याकडून प्लास्टरची बारा यानं करून घेतली. सीझन संपल्यावर त्याच्याकडे दोनच रंग उरले होते. त्यामुळे माझं आरमार पितांबराच्या पिवळ्या रंगाचं आणि काकांचं गणपतीच्या अंगासारखं गुलाबी.

नेम धरायचा नियम साधा होता. दोन यानांच्या मध्यापासून मध्यापर्यंत दोरी ताणायची. वाटेत ग्रह आला तर मारा करता येत नाही. ग्रह म्हणजे उपड्या घातलेल्या वाट्या. पण काकांच्या हातात आल्यावर कुठलाच नियम साधा राहत नसे. दोरी वाटीला नुसती शिवली तरी ते "आड!" म्हणून ओरडायचे आणि रजिस्टरात नोंद करायचे. यानाचं नाक कुठे वळलंय ते पितळी कोनमापकाने बघायचे. अर्ध्या अंशावरून आमचा चहा थंड व्हायचा.

दोरीचं दुसरं टोक राघोदादा धरायचे. खाडीकाठच्या गावातले राघोदादा नोकरीत काकांबरोबर मोजणीची साखळी धरायचे. उन्हातान्हात, चिखलात, मिठागरांच्या कडेने, सगळीकडे. आता दर रविवारी ते एवढ्यासाठी चालत पेणला यायचे. अंतराळ म्हणजे काय, हे त्यांनी कधी विचारलं नाही. "सायेब ताना बोललं का मी तानतो," एवढंच म्हणायचे.

आठ महिने मी दर रविवारी हरलो. कंपनीत मात्र मित्रांना सांगून बसलो होतो की म्हाताऱ्याला मी सहज लोळवतो. आणि एका रविवारी काकांचं सगळ्यात मोठं यान माझ्यासमोर आलं. मध्ये एकच वाटी. राघोदादांनी माझ्या यानावर टोक धरलं, काकांनी दोरी ताणली. दोरी वाटीला शिवली.

"आड!" म्हणत काका रजिस्टर घ्यायला वळले. राघोदादा दोरी गुंडाळत होते. मी माझं यान बोटभर सरकवलं.

"हरकत," मी म्हणालो. "फेरमोजणी करा."

पुन्हा दोरी ताणली. या वेळी ती वाटीला न शिवता सरळ गेली.

काकांचा चेहरा उतरला. त्यांच्या दोन मोजण्यांत फरक आलेला त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. ते राघोदादांकडे वळले. "राघो, आधी टोक कुठे धरलं होतंस?"

"बरोबर मधी, सायेब."

"मग आत्ता कशी सुटली? डोळे गेले का तुझे?"

राघोदादांनी माझ्या यानावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "माजाच हात हालला आसंल."

मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं ते "मारा!" म्हणायला. काकांचं यान मी उडवलं, आणि वर चहा मागितला.

पुढच्या रविवारी राघोदादा आले नाहीत. काकांनी टेबल मांडलं होतं, पण यानांना हात लावला नाही. "निरोप आलाय त्याचा," ते म्हणाले. "म्हणतो, साहेब, आता नजर राहिली नाय, दुसरा माणूस बघा." त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी तर टेबलही मांडलेलं नव्हतं. या तिन्ही रविवारी कामाचं निमित्त सांगून काका दुपारीच बाहेर पडायचे, ते सरळ संध्याकाळी परत यायचे.

चौथ्या रविवारी मी सकाळीच गेलो आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, ओरडतील, घराबाहेर काढतील. त्यांनी विचारलं, "किती सरकवलंस?"

"बोटभर."

"हं," म्हणाले आणि पायात चपला सरकवल्या. "चल."

खाडीच्या बांधावरून ते राघोदादांच्या घरापर्यंत माझ्या पुढे झपाझप चालत गेले. राघोदादा ओटीवर जाळं विणत बसले होते, डोळ्यांनी नव्हे, बोटांनी चाचपून.

"राघो," काका उभ्यानेच म्हणाले, "तुझी मोजणी बरोबर होती. चूक माझी झाली. तुला तसं बोलायला नको होतं."

राघोदादांचे हात थांबले. "ठावं हाय सायेब. दोरी दुसऱ्यांदा तानली तवा टोक बोटभर आदी आलं. पन तो जवान पोरगा, तुमच्यासमोर त्याची लाज कशाला काडू?"

माझी मान खाली गेली, ती वर येईना. तेवढ्यात राघोदादांची बायको पाण्याचे तांबे घेऊन बाहेर आली. काकांना पाहून ती हसली.

"आज आलाव का घरात? तीन आयतवार बगतंय, त्या बांधावर येऊन बसताव आन दिवस कलला का उटून जाताव. मी ह्याना बोललू, जाऊन हात धरून आना. तं हे बोलतात, सायबांना लाजवू नको."

काकांनी तिच्याकडेही पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. ते राघोदादांच्या शेजारी ओटीवर बसले आणि जाळ्याची एक कड उचलून मांडीवर घेतली. "डोळे दाखवलेस का कुणाला?" त्यांनी हळूच विचारलं. "उद्या माझ्याबरोबर चल."

"तू पन बस रं," राघोदादा माझ्या दिशेने म्हणाले. मी अंगणातच उभा होतो. तिघांनीही मला बसायला जागा केली होती, पण माझं पाऊल काही उचलेना.