रेषेबाहेर पाऊल नाही

"माझ्या हातची रेष म्हणजे रेष! तिच्यात चूक काढणारा अजून जन्माला यायचाय!"

असं कंपासने ऑफिसात सगळ्यांसमोर ठणकावलं आणि टेबलावर अशी थाप मारली, की प्रमुख मॅडमच्या कपातला चहा बशीत आला. त्याचं खरं नाव काहीतरी वेगळंच होतं. पण अकरा वर्षं नकाशे काढायचे आणि 'मी आयुष्यात कधी वाट चुकलो नाही' हे दिवसातून चारदा ऐकवायचं, म्हटल्यावर लोक दुसरं काय म्हणणार? बायकोसुद्धा कंपासच म्हणायची. चिडली की जरा जोरात म्हणायची.

ऑफिस होतं संरक्षित डोंगराचं. डोंगर चुनखडीचा. दिसायला दांडगा, पण आतून भलता नाजूक! पाण्याने कोरून कोरून सुरीसारख्या पातळ झालेल्या कडा, खोल फटी, खाली भुयारं, आणि त्या फटींत बोटभर उंचीची रोपं, जी दुसरीकडे कुठे उगवतच नाहीत. आणि हौशी पळणाऱ्यांना नेमका हाच डोंगर हवा! रविवार उजाडला की जो तो आपल्याला वाटेल तिथून उधळलेला. कडा तुटल्या, रोपं चिरडली. शेवटी मॅडमने नियम केला. पळायच्या वाटा फक्त तीन. प्रत्येक वाट ऑफिसच्या माणसाने मनगटावर ऑफिसचं घड्याळ बांधून, स्वतःच्या पायांनी पळून आखायची. घड्याळ जी रेष नोंदवेल, ती वाट. तीच रेष पळणाऱ्यांच्या घड्याळांत जाणार. रेषेबाहेर एक पाऊल पडलं, की त्या माणसाला वर्षभर डोंगर बंद! आणि एकदा मंजूर झालेली रेष पाच वर्षं बदलायची नाही.

दोन वाटा झाल्या होत्या. राहिली होती उत्तरेची, सगळ्यात अवघड.

"पळणाऱ्यांच्या चाचणीत एकही रोप न तुटता पास झाली, तर मार्गप्रमुखाची जागा तुमची," मॅडम कंपासला म्हणाल्या. "नापास झाली, तर उत्तरेची बाजू कायमची बंद आणि तुम्ही पुन्हा नकाशे गुंडाळायला."

मार्गप्रमुख! अकरा वर्षं ज्या खुर्चीकडे कंपास येता-जाता बघत होता ती खुर्ची! त्याला त्या रात्री जेवण गेलं नाही. तसंही जेवणात भोपळाच होता.

कारण घरी वेगळंच सरकार होतं. बायको दवाखान्यात नर्स. अख्खी गल्ली तिला सिस्टर म्हणायची आणि तिच्यासमोर ताठ उभी राहायची. तीन महिन्यांपूर्वी कंपासच्या रक्तात साखर निघाली, त्या दिवसापासून घरातून साखरेचा डबाच गायब झाला.

"गोड बंद आहे ना नक्की?" ती रोज विचारायची.

"अगं, तुझी शप्पथ! वासही घेत नाही!"

सोमवारी सकाळी सात वाजता कंपासने घड्याळ बांधलं, बटण दाबलं आणि सुटला. पहिला अर्धा किलोमीटर कसा, बाणासारखा! मग बरगडीत कळ आली. पण एक गोष्ट मात्र त्याच्या पदरात टाकलीच पाहिजे. डोंगरावरचं एक-एक रोप त्याला तोंडपाठ होतं. इथे वळसा, तिथे उडी, पुढे पंजावर. धापा टाकत का होईना, एका पानाला त्याने धक्का लावला नाही. ह्या डोंगरावर त्याचा जीव होता, त्यात काही खोटं नाही.

वाटेत आरपार भोक पडलेला एक खडक होता, त्या भोकाच्या खडकापाशी त्याचा चष्मा हरवला. खडकाभोवती एक फेरी मारली. नाही. दुसरी मारली. नाही. तिसरीला घाम पुसायला हात वर गेला, तर चष्मा कपाळावर! पुढे पाण्याची बाटली मागेच राहिली म्हणून शंभर पावलं उलटा आला. मग एका झाडाखाली 'दोन मिनिटं' आडवा झाला तो चाळीस मिनिटांनी उठला. आणि अखेर पायथ्याची पाटी दिसली. कंपासने पाटीला चक्क मिठी मारली!

झालं! आता शेवटचं बटण दाबायचं, एवढंच बाकी. पण आनंदाच्या भरात माणसाला बटणं आठवतात का? त्याला आठवली बेकरी. दवाखान्यातलं कुणी बघायला नको म्हणून मागच्या दाराने आत शिरला, चॉकलेट पेस्ट्री खाल्ली, मग 'एवढं पळालोय!' म्हणून आणखी एक खाल्ली, आणि गल्ली मोकळी बघून पुढच्या दाराने निसटला. घरीही मागूनच. स्वयंपाकघराच्या दारातून थेट सिंककडे, तोंड खसाखसा धुतलं आणि बाहेरच्या खोलीत येऊन सोफ्यावर कोसळला. तिथे पडल्या पडल्या घड्याळावर 'समाप्त' दाबलं, 'पाठवा' दाबलं आणि घोरायला लागला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या भिंतीवरच्या नकाशावर रेष उमटली. नकाशा फक्त डोंगराचा, त्यामुळे पायथ्याच्या पुढचं सगळं चौकटीबाहेर. तीन फेऱ्यांचा एक जाडसर ठिपका दिसत होता.

"एकदा तपासून घ्या," मॅडम म्हणाल्या.

"माझी रेष? मी तपासू?" कंपास हसला. "मॅडम, काहीतरीच काय!"

रविवारी चाचणी. एक्केचाळीस पळणारे आणि सगळ्यांत पुढे खुद्द मॅडम! कंपास इस्त्रीचा शर्ट घालून पायथ्याशी फीत धरून उभा. हातात वॉकीटॉकी. डोंगरावरच्या गार्डचा आवाज आला.

"साहेब! सगळे भोकाच्या खडकाभोवती गोल फिरतायत!"

"म्हणजे?"

"तिसरी फेरी चालू आहे!"

कंपासला चष्मा आठवला. संपलं! गेली खुर्ची!

"कुणी काही बोललं का?"

"ते दाताचे डॉक्टर आहेत ना, ते सगळ्यांना समजावून सांगतायत. म्हणाले, खाली भुयार असणार, भार एकाच बाजूला पडू नये म्हणून चारी बाजूंनी पळायला लावलंय. सगळे वाहवा करतायत, साहेब!"

"हां... हो! भुयारच!" कंपासची छाती दोन इंच फुगली. "अहो, तेच तर!"

पुढे ती मंडळी शंभर पावलं उलटीही आली. डॉक्टर म्हणे, "उताराला वेग वाढतो, कडा तुटतात. म्हणून आधी लगाम! काय डोकं लावलंय!" हे ऐकून कंपासलाच स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटायला लागलं.

आणि आले! मॅडम पहिल्या! फीत तुटली, टाळ्या वाजल्या, कंपास हात जोडून पुढे झाला, आणि मॅडम त्याच्या बाजूने सुसाट निघून गेल्या. पाठोपाठ डॉक्टर. पाठोपाठ सगळे!

"अहो, थांबा! संपलं! इथे संपलं!"

"रेष पुढे आहे!" एक्केचाळीस जण ओरडले.

पुढे? पुढे कुठे? कंपासने वळून बघितलं. ते बेकरीच्या गल्लीत वळत होते. मागच्या बाजूने! त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बटण! अरे देवा, ते बटण!

आता मात्र कंपास खरोखर पळाला. आयुष्यात पहिल्यांदा! "थांबा! थांबा!" ओरडत तो मागे, आणि लोकांना वाटलं साहेब हुरूप देतायत. ते आणखी जोरात सुटले. बेकरीच्या मागच्या दारातून आत, भट्टीजवळून, पुढच्या दारातून बाहेर. बेकरीवाला ट्रे धरून भिंतीला चिकटला होता. कंपासला बघताच त्याचा चेहरा खुलला.

"साहेब, आज एवढी माणसं घेऊन? तुमच्या नेहमीच्या दोन पेस्ट्र्या बांधू ना?"

दारातून निघता निघता दाताच्या डॉक्टरांनी मान वळवून ऐकलं. दाताचे डॉक्टर ते, असलं वाक्य त्यांच्या कानांतून सुटतंय होय!

इकडे सिस्टर सुट्टीच्या दिवशी निवांत कुकर लावत होती. मागचं दार धाडकन उघडलं आणि चिखलाच्या बुटांनी मॅडम आत.

"सॉरी हं, रेष इथून आहे."

"कसली रेष? अहो, बूट! लादी पुसलीये आत्ता!"

"रेषेबाहेर पाऊल टाकता येत नाही हो!" म्हणत डॉक्टर आले. मग एकेक करत सगळे आले. रेष सिंकला शिवून जात होती, म्हणून प्रत्येक जण सिंकला शिवून जाई. डॉक्टरांनी तर थांबून तोंड धुतलं. "अंगावरची माती, बिया इथे धुऊन जायचं. डोंगरातलं डोंगरातच राहावं म्हणून. किती बारीक विचार!" मग चाळीस जणांनी तोंडं धुतली. कुकरने शिट्टी दिली, ती कुणाला तरी शर्यतीची वाटली आणि सगळे बाहेरच्या खोलीत घुसले. मॅडम सोफ्यावर टेकल्या आणि घड्याळ वाजलं. समाप्त!

तेवढ्यात दारात कंपास उगवला. शर्टाची इस्त्री गेलेली, जीभ बाहेर, डोळ्यांपुढे काजवे.

"मॅडम... ते शेवटचं... चुकून..."

"एक मिनिट." मॅडमने वॉकीटॉकी कानाला लावला. गार्ड बोलत होता, "मॅडम, सगळी वाट बघितली. एक रोप तुटलं नाही, एक कड हलली नाही. आधीच्या दोन्ही वाटांवर असं कधी झालं नव्हतं!"

मॅडमचे डोळे चमकले. "कंपास! पास! आता बोला, चुकून काय झालं?"

चुकून म्हटलं तर चाचणी नापास. खुर्ची गेली, आणि उत्तरेचा डोंगरही बंद. कंपासने शर्टाची कॉलर सरळ केली.

"चुकून... तुम्हाला आधी सांगायचं राहिलं. बाकी सगळं मुद्दामच आहे!"

टाळ्यांनी घर दणाणलं! कुणीतरी त्याला खांद्यावर घ्यायला गेलं, पण वजन बघून थांबलं.

"फक्त रेष घरातून जाते म्हटल्यावर घरच्यांची संमती लागेल," मॅडमने कागद काढला. "सिस्टर, सही कराल?"

सिस्टरने कागद घेतला नाही. ती कंपासने आखलेल्या रेषेची नोंद वाचत होती, मॅडमच्याच घड्याळावर.

"हे काय? इथे, गल्लीत, तेवीस मिनिटं थांबलायत तुम्ही?"

सगळ्यांनी आशेने डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी तोंड उघडलं.

"ह्याचं शास्त्रीय कारण मला नाही माहीत," ते म्हणाले. "पण बेकरीवाला विचारत होता, नेहमीच्या दोन बांधू का म्हणून."

कंपासला वाटलं, चुनखडीतल्या एखाद्या फटीत शिरून बसावं, रोपाशेजारी.

"अगं, तू रागावू नकोस, मी..."

"मी कुठे रागावलेय?" सिस्टर हसली. ते हसू बघून एक्केचाळीस जण एक पाऊल मागे सरकले, रेषेबाहेर. "माझी संमती आहे. एका अटीवर. मार्गप्रमुखांनी आठवड्यातून तीनदा ही अख्खी वाट स्वतः पळून तपासायची, आणि घड्याळाची नोंद संध्याकाळी माझ्या हातात द्यायची."

"नियमात बसतं!" मॅडम म्हणाल्या. सही झाली.

आता कंपास मार्गप्रमुख आहे. खुर्ची मिळालीये, बसायला वेळ मिळत नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार तो भोकाच्या खडकाला चष्मा डोळ्यांवर ठेवून तीन फेऱ्या मारतो, शंभर पावलं उलटा येतो, आणि रविवारी शे-दीडशे माणसं त्याच्या सिंकवर तोंडं धुतात. त्याची साखर उतरली, पोटही उतरलं. पाच वर्षांतली चार वर्षं आणि सात महिने अजून बाकी आहेत.

फक्त एक गोष्ट ऑफिसच्या नोंदीत सगळ्यांना दिसते आणि त्यावर कुणी काही बोलत नाही. सगळ्या उत्तरेच्या वाटेवर मार्गप्रमुखांचा वेग सगळ्यात कमी कुठे पडतो माहितीये? चढावर नाही, खडकाशीही नाही. बेकरीच्या मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत. बारा पावलं, दीड मिनिट. थांबत नाहीत हं ते अजिबात, शपथेवर सांगतात. फक्त तेवढ्यात श्वास जरा खोल घेतात.