उन्हात अडुसष्ट अंशांची कपात

ऊन देवाच्या हाती असलं, तरी ते किती पडलं हे ठरवणं कार्यालयाच्या हाती असतं. देव त्यात ढवळाढवळ करत नाही, हा त्याचा मोठेपणा. गोंदियाच्या आमच्या कार्यालयात मी आवक-जावक कारकून असल्यामुळे हे सत्य मला अगदी जवळून, म्हणजे वाळ्याच्या ओल्या ताटीमागून, पाहायला मिळालं.

सालेकसा भागात एका तलावाची पाळ बांधण्याचं काम आमच्याकडे होतं. पावसाआधी मातीची पाळ उभी राहिली नाही तर धानाला पाणी नाही, म्हणून माती वाहायची ती भर वैशाखात. या कामावर एक जुना नियम होता: पारा एकशे दहाच्या वर गेला की दुपारी काम बंद, मजुरांनी मोहाच्या झाडाखाली बसावं. मुकादम केवळराम झाडाला टांगलेल्या थर्मामीटरकडे बघून "चढला गा!" असं ओरडला, की बाया टोपल्या टाकून सावलीकडे पळत सुटायच्या. थर्मामीटर त्यांना वाचता येत नव्हतं, पण त्याच्यावर त्यांचा जीव होता. (साहेबांवर नव्हता. असो.)

नव्या पैशांच्या दुसऱ्या वर्षी नवं थर्मामीटर आलं. जुनं होतं फॅरनहाइटचं, हे सेंटिग्रेडचं. रुपयाचे पैसे चौसष्टाचे शंभर झाले होते, तसे उन्हाचे अंश एकशे तेराचे पंचेचाळीस झाले. एकीकडे वाढवलं, दुसरीकडे कापलं, हिशेब चोख. थर्मामीटर बदलायचा अधिकार आम्हाला होता, नियम बदलायचा वरच्या कार्यालयाला. आणि वरचं कार्यालय उन्हाळ्यापुरतं थंड हवेच्या ठिकाणी गेलं होतं. तेव्हा नियमातले एकशे दहा एकशे दहाच राहिले.

गोंदियात या कपातीचं मनापासून स्वागत झालं. आमचे शेजारी दुलीचंद शेठ पेपरात 'पंचेचाळीस' वाचून भर दुपारी कोट घालून बाहेर पडले, आणि घामाने निथळत परत आल्यावरही "मौसम सुधर गया" हेच म्हणाले. मी स्वतः केलेल्या पाहणीनुसार, गारवा वाटू लागलेल्यांचं प्रमाण पंख्याखाली बसणाऱ्यांत शंभर टक्के होतं. (पंखा ओढणाऱ्याला विचारलेलं नाही. तो कामात होता.)

पाळीवर मात्र अडाणी लोकांचा भरणा. तिथे ओव्हरसियर हिरालाल स्वतः थर्मामीटरजवळ खुर्ची टाकून बसले, छत्रीखाली. दुपार झाली, मुकादम काही ओरडेना. तेव्हा माती वाहणारी धनवंता डोक्यावरच्या टोपलीसकट त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. ही तिथेच खोदकामावर असलेल्या झाडू नावाच्या मजुराची बायको, तोंडाची फटकळ.

"काऊन जी, आज सावली नाही का?"

"पारा पंचेचाळीसवर आहे, बाई. एकशे दहा झाला की बस ना आरामसे."

"ऊन तं कालच्यावानीच पोळून राहिलं. पाहा माये पाय!"

हिरालालांनी पाय पाहिले नाहीत, कारण पाय हे खात्याने मान्य केलेलं उपकरण नाही. त्यांनी तिला शांतपणे समजावलं की काल एकशे तेरा होतं, आज अडुसष्ट अंश कमी आहे, आणि तरीही पोळत असेल तर दोष पायांचा आहे.

"पण साहेबजी," केवळराम हात जोडून म्हणाला, "याच्यात एकशे दहा होईन कवा?"

हिरालालांनी सोबत आलेलं माहितीपत्रक उघडलं. नव्या मापात शंभराला पाणी उकळतं. म्हणजे आधी तलाव उकळायचा, वर आणखी दहा अंश चढायचे, मग सुटी. तलाव कोरडा असल्यामुळे हा प्रसंग इतक्यात येण्यासारखा नव्हता.

त्याच आठवड्यात पारा सेहेचाळीसवर असताना धनवंता टोपलीसकट कोसळली. झाडूने तिला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं. ताप एकशे सहा. डॉक्टरांनी ओल्या चादरीत गुंडाळलं आणि मागून आलेल्या हिरालालांवर ते कडाडले, "तुमचं सेहेचाळीस म्हणजे माझ्या मापात एकशे पंधरा होतात! माणसं भाजायला काढलीत का?"

"डॉक्टरसाब, आपलं खातं आरोग्याचं, आमचं बांधकामाचं," हिरालाल नम्रपणे म्हणाले. "ज्याचं माप त्याच्यापाशी."

रीतसर चौकशी झाली. तापाची नळी जुन्याच मापाची होती, आणि तिच्यातला आकडा सरकारी दवाखान्याचा असल्यामुळे तो नाकारता येत नव्हता. बाहेर सेहेचाळीस, बाईच्या अंगात एकशे सहा. वरचे साठ अंश तिचे स्वतःचे, हे शेंबड्या पोरालाही कळेल. खबरदारी म्हणून इतर मजुरांनाही नळी लावली, तर धडधाकट माणूसही अठ्ठ्याण्णव भरला. म्हणजे एकूण एक मजूर उन्हापेक्षा बावन्न अंशांनी गरम! त्यांच्यामुळे उन्हाळा वाढतो की काय, अशी शंका अहवालात (शेवटच्या परिच्छेदात, सौम्य शब्दांत) नोंदवली आहे. त्यावरून आदेश निघाला: मजुरांनी हवेपेक्षा गरम राहू नये, राहिल्यास त्यांना उन्हातच ठेवावं, म्हणजे ते निवतील, सावलीत न्यूमोनियाचा धोका आहे. हा आदेश माझ्याच हातून जावक झाला. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. त्याला रकाना नाही.

दवाखान्यात झाडू बायकोच्या उशाशी बसून होता. शुद्धीवर आली की ती एकच विचारायची, "सावली देऊन राहिले का गा?" तो म्हणायचा, "हो, देऊन राहिले." पुढे एका पहाटे तिचा ताप उतरू लागला. झाडूला हायसं वाटलं. एकशे चार झाला, शंभर झाला, अठ्ठ्याण्णव झाला, आणि तिथे थांबला नाही. उन्हं वर येईपर्यंत आदेशाप्रमाणे हवेच्या बरोबरीला आलेली ती आमच्या कामावरची पहिली मजूर ठरली. बाकीचे माती वाहतच होते.

तुम्ही हळहळलात, सुशिक्षित आहात. आता जरा घरातली तापाची नळी काढून बघा. तीही जुन्याच मापाची निघेल, आणि पेपरातलं ऊन नव्या मापाचं. आपल्या पोराला एकशे एक झालं की आपण घर डोक्यावर घेतो. दुसऱ्याच्या डोक्यावरचं ऊन आपल्याला नेहमी चाळीस-पंचेचाळीसच दिसतं. स्वतःला मोठं माप, परक्याला लहान, ही सोय काही आमच्या कार्यालयाने काढलेली नाही. आताही मघापासून एक मोळीवाली तुमच्या दारात उभी आहे. तिने पाणी मागितलं, आणि तुम्ही पानावरून नजर न काढता तिला म्हणालात, "थांब गं जरा, एवढं वाचून होऊ दे."