कोरसवाले मास्तर

सोनवणे मास्तरांना गाण्याची पहिली ओळ म्हणताना मी कधी ऐकलं नाही. चौऱ्याहत्तर साली ते तळेगावात आमच्या शाळेवर संगीत शिक्षक म्हणून आले. त्याआधी वीस वर्षं एका गायन पार्टीत कोरसला होते. मुख्य गायकानं पहिली ओळ म्हणायची, यांनी मागून पुढची ओढायची. एवढ्या भांडवलावर माणूस मास्तर होतो आणि स्टाफरूममध्ये माझ्यासारख्या बी.एस्सी. झालेल्याच्या शेजारी बसतो.

कोरस त्यांच्या अंगात मुरला होता. दारातून आधी जाणार नाहीत, डबा आधी उघडणार नाहीत. "तुम्ही उचला सर, मागं मी हायच." हेडमास्तर म्हणाले, ऊन फार आहे, की हे लगेच, "लई हाय, लई हाय." मला या माणसाची मनापासून चीड होती.

मग तपासणी आली. मास्तरांची नोकरी कच्ची, ती पक्की व्हायची साहेबांच्या शेऱ्यावर. शिरूरहून साहेब आले, चाळीस मुलं स्वागतगीताला उभी राहिली, पेटी वाजली आणि मुलं गप्प. गळ्यात हार घालून साहेब ताटकळले. एक ओळभर शांतता गेली आणि चाळीस मुलं एकदम दुसऱ्या ओळीपासून सुरू झाली. प्रत्येक कडव्याला हेच. या गृहस्थांनी मुलांना नुसता कोरस शिकवला होता.

"पहिली ओळ कुठंय?" साहेबांनी विचारलं.

"हाय की साहेब. तिला जागा सोडलीय."

हेडमास्तरांनी त्यांना कमी केल्याचं पत्र लिहिलं. ते पोचवायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं. मास्तर दर रविवारी दौंडला जात. तिथं एखाद्या तमाशाच्या तंबूत सापडतील अशी माझी खात्री होती. स्टँडवरच्या पानवाल्याला विचारलं तर म्हणाला, "कोरसवाले मास्तर व्हय? गंगारामकडं असत्याल, रेल्वेच्या चाळीत."

गंगाराम त्यांच्या पार्टीचा मुख्य गायक. अर्धांगवायूनं त्याची वाचा गेली होती. तो खाटेवर पडलेला, मास्तर खाली पेटी घेऊन बसलेले. त्यांनी सूर धरला. गंगारामचे ओठ हलले, आवाज काहीच आला नाही. मास्तर त्या ओठांकडं बघत अख्खी ओळ थांबले आणि मग पुढची त्यांनी म्हटली.

मला दारात पाहून म्हणाले, "या सर. आज ह्यो लई चांगला गातोय."

मला माझीच लाज वाटली. सोमवारी पत्र हेडमास्तरांना परत दिलं आणि पहिल्या ओळीची सोय मी करतो, असं सांगून बसलो. मुलांपैकी एक पुढं येईल तर शपथ. मास्तरांनी सगळी आपल्यासारखीच करून ठेवली होती. फेरतपासणीला साहेब पुन्हा आले तेव्हा शेवटी मीच उभा राहिलो.

"उचला सर," मास्तर हळूच म्हणाले, "मागं मी हायच."

मी बेसूर उचललं. ओळ संपेपर्यंत मास्तर पेटीवरून माझ्या ओठांकडं बघत होते.