चोरून सॉरी म्हणणारा विन्या

शॉमबर्गच्या आमच्या ऑफिसच्या बेसबॉल टीममध्ये विन्या कदमसारखा सराईत चोर दुसरा नव्हता. आणि चोरी झाल्यावर माफी मागणारा तर अख्ख्या अमेरिकेत नसेल.

बेस चोरायचा म्हणजे बॉल टाकणाऱ्या पिचरचा डोळा चुकवून गुपचूप पुढच्या बेसवर, म्हणजे पुढच्या ठाण्यावर, पळायचं. नियमात बसतं. गंमत म्हणजे विन्या आमचा कॅचर. समोरचे असे पळाले की त्यांना पकडायचं काम याचं, आणि आमची बॅटिंग आली की हाच पळणार! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

बाकीचे कॅचर बॅटिंग करणाऱ्याच्या मागे तासभर उकिडवे बसले की गुडघे धरून लंगडायचे. हा सांगलीकडचा, खो-खोत मुरलेला. "अरे यार, आपण जन्मभर रोज सकाळी असंच बसलोय," म्हणायचा.

घसरत बेसवर पोचला की धुळीनं माखलेला उठायचा आणि तिथल्या गोऱ्याला चक्क हात जोडायचा. "सॉरी हं, चोरला तुमचा." तोही मराठीत! तो बिचारा बावचळून "नो प्रॉब्लेम, मॅन" म्हणायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"विन्या, देवळात आलायस का रे?"

"चोरी ती चोरीच," तो म्हणायचा. कान लालबुंद.

याचं मूळ आप्पा. म्हणजे त्याचे वडील, गावच्या शाळेचे हेडमास्तर. लहानपणी विन्यानं शेजारच्यांचे चिकू काढले, तर आप्पांनी त्याला अख्ख्या शाळेपुढे कान धरून उभं केलं आणि 'स्टील, स्टोल, स्टोलन' मोठ्यानं म्हणायला लावलं. ती लाज त्यानं व्हिसाबरोबर इकडे आणली होती. कॉलिंग कार्डावरून आप्पांशी बोलताना "कॅचर आहे" एवढंच सांगायचा.

त्या उन्हाळ्यात आप्पा आले आणि थेट मॅचलाच. विन्याचा चेहरा पडला. "आज मला कुणी 'थीफ' म्हणायचं नाही हं, सगळ्यांना सांग," म्हणून माझ्या मागे लागला. मी सांगितलं. मी कायमचा राखीव, त्यामुळे आप्पांशेजारी बाकावर मीच होतो.

शेवटचा डाव. बरोबरीला एक रन हवी, विन्या पहिल्या बेसवर. आमची टीम ओरडायला लागली, "स्टील! स्टील!" आप्पांनी मान वर केली. विन्यानं त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्याचे पाय जागचे हललेच नाहीत. पुढचे दोघे पटापट आऊट झाले, एक आधीच गेला होता; तीन आऊट म्हणजे डाव खलास. आम्ही हरलो. कॅप्टननं टोपी आपटली. विन्या एकेकाला सॉरी म्हणत आमच्यापाशी आला.

"का नाही पळालास?" आप्पांनी विचारलं.

"आप्पा, त्याला... चोरणं म्हणतात इथे. तुम्ही बसला होतात ना."

"ठाऊक आहे मला. मघाशीच विचारलं मी याला. खेळातली चोरी ती, तिला कोण चोरी म्हणतं?" आप्पा चष्मा काढून धोतराच्या टोकानं उगाच पुसत राहिले. "शाळेत सगळे सांगायचे, मास्तर, तुमचा विनायक वाऱ्यासारखा पळतो. मी मैदानाकडे आलो की तू थांबायचास. एकदा तरी बघावं म्हणून एवढ्या लांब आलो रे."

विन्या मान खाली घालून उभा राहिला. आप्पांनीही मान वर केली नाही. मला दोघांकडेही बघवेना.