डाळिंबाला टांगलेलं हेडर

"रविवारी सकाळच्या दुधाला यंत्र स्वतः पावती देईल. माणसाचा हातसुद्धा लागणार नाही!" असं मी दूध संस्थेच्या ओट्यावर उभा राहून जाहीर केलं, तेव्हा गुरुवार होता. गुरुवारी माणसाला रविवार फार लांब वाटतो.

मी मानसिंग. कळंबच्या स्टँडजवळ माझा कॉम्प्युटर क्लास आहे. बी.एस्सी. झाल्यापासून गावात ज्याला म्हणून बटण असतं, ते दुरुस्तीला माझ्याकडे येतं. एकदा आमचे चेअरमन विजयसिंह रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन आले. यंत्र ठणठणीत होतं. त्यांना आकडा पसंत नव्हता.

आता आलेलं यंत्र दूध तपासायचं होतं. वाटीभर दूध ठेवलं की फॅट किती, पाणी किती, सगळं पडद्यावर उमटतं. अडचण एवढीच, की पडद्याचं तोंड सेक्रेटरी महिपतीकडे. वाचणार तो, मोठ्यानं सांगणार तो आणि लिहिणारही तोच. काही दिवसांपासून माझी चुलती बनाबाई रांगेत पुढं आली, की महिपती सगळ्या गावाला ऐकू जाईल असा आवाज काढायचा, "बनाबाई, पानी बारा टक्के!"

काकीची म्हैस एकच, आणि देवावर नसेल एवढा तिचा त्या म्हशीवर विश्वास. महिपतीच्या मुलीच्या लग्नात मानाचं लुगडं आपल्याला मिळालं नाही, हे काकीनं वेशीपासून कॅनॉलपर्यंत सांगितलं होतं. दुधात पाणी निघायला लागलं ते त्यानंतर. शेवटी चेअरमननी निकाल दिला: रविवारी छापील पावती काढायची, पाणी दिसलं तर बनाबाईचं दूध महिनाभर बंद.

"आनि न्हाय दिसलं तर?" काकीनं विचारलं.

हा मुद्दा चेअरमनच्या डोक्यात आलेलाच नव्हता. ते घड्याळ बघत निघून गेले, आणि त्या मोकळ्या जागेत मी ओट्यावर चढलो.

काम तसं सरळ होतं. यंत्राच्या कंपनीनं आपली लायब्ररी, म्हणजे यंत्राकडून काम करून घेणारा तयार प्रोग्रॅम, 'सी' भाषेत लिहिलेली. माझा पावतीचा प्रोग्रॅम पायथनमध्ये. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नाही. मध्ये दुभाष्या लागतो, त्याला बाइंडिंग म्हणतात. ते हातानं लिहायला महिना जातो, पण ते आपोआप तयार करणारं एक टूल मिळतं. हे टूल म्हणजे सोयरीक जुळवणारा मध्यस्थ समजा. लायब्ररी हे स्थळ. आणि स्थळाचा बायोडाटा म्हणजे हेडर फाइल: लायब्ररीला काय काय येतं, तिला काय विचारायचं, ती उत्तर कसल्या मापात देते, सगळं त्यात. बायोडाटा हातात पडल्याशिवाय मध्यस्थ चपलेत पाय घालत नाही.

मी टूल चालवलं. ते म्हणालं, फॅटमीटर डॉट एच ही फाइल सापडत नाही.

कंपनीला फोन लावला. तिथला इंजिनिअर फार गोड बोलला. हेडर यंत्राबरोबरच्या सीडीत आहे म्हणाला. मेलवर पाठवायचं तर वरिष्ठांची परवानगी लागते, आणि वरिष्ठ सोमवारी येतात.

मी महिपतीकडे गेलो. यंत्राचा खोका होता, थर्माकोल होता, गॅरंटी कार्डही होतं. सीडी नव्हती. महिपतीनं शांतपणे तंबाखू मळली.

"ती चकती व्हय? बनाबाईनं नेली की. डाळिंबाला."

आमच्या भागात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. डाळिंबाला रंग चढला की पाखरं येतात, आणि उन्हात चमकणाऱ्या चकत्या दोरीनं टांगल्या की ती बुजतात. काकीनं वर्षभर गावभर फिरून जुन्या सीडी गोळा केल्या होत्या. बागेत शिरलो आणि डोळे दिपले. प्रत्येक झाडाला चार-पाच चकत्या गरगर फिरत होत्या. गावातल्या झाडून सगळ्या लग्नांचं शूटिंग तिथं टांगलेलं होतं. काही संसार मोडले होते, त्यांच्याही सीडी इमानानं पाखरं हाकत होत्या.

काकीचा निर्दोषपणा काकीच्याच झाडाला लटकत होता. कुठल्या झाडाला, ते तिला आठवत नव्हतं. पावसानं बऱ्याच चकत्यांवरची अक्षरं धुऊन नेलेली. आता एकेक उतरवायची आणि क्लासातल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये घालून बघायची, एवढाच मार्ग उरला. त्यालाही काकीची अट होती: एक काढलीस तर तिथं दुसरी लाव. म्हणून मी क्लासातून माझ्याच 'तीस दिवसांत टॅली'च्या सीडी आणून टांगायला लागलो. पाखरं टॅलीला जास्त घाबरतात, असं माझं निरीक्षण आहे.

एवढ्यात बांधावर गेणबा आला. गेणबा म्हणजे आमच्या गावचं वर्तमानपत्र. तो रोज दुपारी निघतो. मी झाडावर काय शोधतोय, असं त्यानं विचारलं. घाम पुसत मी म्हणालो, "यंत्राची चकती. दुधात काय काय असतं आणि ते कसं बाहेर काढायचं, सगळं तिच्यात आहे. ती एकदा सापडली की रविवारी कुणाला काही लपवता येणार नाही."

यात एक शब्दही खोटा नव्हता. गेणबानं झाडावरच्या चकत्या एकदा नजरेनं मोजल्या. नंतर चप्पल हातात घेऊन तो ज्या वेगानं गेला, त्या वेगानं माणूस फक्त बातमी घेऊनच जातो.

संस्थेच्या दारात कॅन विसळायचा एक नळ आहे. बरेच लोक रांगेत लागण्याआधी कॅन तिथं नेतात. विसळायला रिकामा कॅन लागतो, हा नियम आमच्याकडे सगळे पाळतातच असं नाही. त्या नळावर चेअरमननी एक कॅमेरा बसवला होता. गांधीलमाश्यांनी त्यात घर केल्यापासून तो बंद आहे, असं सगळं गाव समजून होतं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत गावात बातमी पक्की झाली: कॅमेरा चालू होता, शूटिंग सीडीवर उतरलेलं आहे, बनाबाईनं ती सीडी बागेत दडवलीय आणि मानसिंग मास्तर ती रविवारी संस्थेत सगळ्यांपुढं लावणार आहे.

दिवे लागायच्या सुमाराला चेअरमनचा फोन आला. आधी त्यांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली. हे आजवर कधी झालेलं नव्हतं. मग क्लासची, मग पावसाची. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मास्तर, त्या चकतीत कोन कोन हाय?"

"चेअरमन, तिच्यात कुणीच नाही."

"कुनीच न्हाय?" त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "बरं. म्हंजी तुमी बोलनार न्हाय तर."

मी त्यांना हेडर म्हणजे काय ते समजावून सांगितलं. बायोडाट्याचा दाखला दिला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुनाचा बायोडाटा?"

शनिवारी सकाळी काकीचा निरोप आला. बागेत गेलो तर निम्मी बाग उघडी! चकत्या गायब. कुणी दोरी सोडवली होती, कुणी कापली होती, घाईतल्या कुणी तर फांदीच नेली होती. माझी टॅलीसुद्धा सोडली नव्हती. पोपट निवांत बसून डाळिंबं फोडत होते, आणि काकी मधोमध उभी राहून पत्र्याचा डबा बडवत होती. मला बघताच तिनं डबा माझ्या हातात दिला.

मी डबा बडवत बडवत तिला सगळं सांगितलं. चकतीत शूटिंग नाही, फक्त यंत्राची माहिती आहे, आणि लोक उगाच घाबरलेत. काकी ऐकून घेत होती. सगळं ऐकल्यावर म्हणाली, "उगाच घाबरत्यात व्हय? तू शिकलास, पर तुला गाव कळलं न्हाय."

आणि ती पदर खोचून थेट संस्थेत गेली. सकाळचं दूध चालू होतं, रांग मारुतीच्या देवळापर्यंत लागलेली. काकीनं कुणालाच दोष दिला नाही. एवढंच म्हणाली, "चकत्या वाऱ्यानं उडाल्यात माझ्या. दुपारपातुर झाडाला आल्या तर बरं. ज्याच्या घरात चकती घावंल, त्यो त्या चकतीत हाय, असं मी धरनार."

दुपारी भर उन्हात अर्ध्या गावाला डाळिंबाची बाग बघायची हौस आली. जो तो हात मागं बांधून यायचा, डाळिंबं यंदा चांगली लागलीत म्हणायचा आणि हात मोकळे करून जायचा. पूर्वी होत्या त्याहून जास्त चकत्या झाल्या! संशय नको म्हणून काहींनी घरातल्या स्वतःच्याही आणून टांगल्या. एकानं स्टीलचं ताट लावलं.

शेवटी चेअरमन आले. पांढऱ्याशुभ्र कपड्यात वाकून त्यांनी एका फांदीला चकती बांधली. गाठ बसेना, म्हणून मी धरू लागलो. चकतीवर यंत्राचं चित्र होतं, कंपनीचं नाव होतं. बरोबर तीच. गावानं दिसेल ती चकती उचलली होती. चेअरमननी मात्र वाचून उचलली होती. म्हणूनच ते चेअरमन आहेत.

"वाऱ्यानं आमच्या हाफिसात येऊन पडली हुती," ते म्हणाले.

त्यांचं ऑफिस पहिल्या मजल्यावर आहे. पण वाऱ्याचं काय सांगावं.

मी सीडी घेऊन धावत क्लासात आलो. हेडर निघालं! जागेवर ठेवलं, टूल चालवलं. दोन क्षण ते विचार करत राहिलं आणि म्हणालं, एसटीडी-डेफ डॉट एच सापडत नाही.

झालं असं, की फॅटमीटरच्या हेडरनं पहिल्याच ओळीत दुसऱ्या हेडरचं नाव घेतलं होतं. मुलीकडच्यांनी सांगावं, आमचं सगळं मामाला विचारा! मी कंपनीची सीडी उलटीपालटी केली. मामा तिच्यात नव्हता. म्हणजे दुसरीही सीडी असणार. म्हणजे तीही बागेत असणार. मी पोत्यात भरून चकत्या आणल्या आणि एकेक लावत बसलो. संध्याकाळपर्यंत मी एवढी लग्नं बघितली, की अक्षता हातात नसताना हात आपोआप वर जायला लागला. मामा सगळ्या लग्नांत होते. माझा मामा कुठंच नव्हता.

शेवटी वैतागून मी टूलनं दाखवलेली ती चुकीच्या सूचनेची ओळ पहिल्यांदा नीट वाचली. शिकलेल्या माणसाचं हे असंच असतं. चूक आली की तो ती सोडून बाकी सगळं वाचतो. सापडत नाही, असं टूल म्हणत होतं. जगात नाही, असं म्हणत नव्हतं. एसटीडी-डेफ हे काही कंपनीचं हेडर नव्हे. ते कंपायलरबरोबर, म्हणजे सी भाषेतलं लिखाण कॉम्प्युटरला कळेल असं करून देणाऱ्या प्रोग्रॅमबरोबर येतं, आणि माझ्याच कॉम्प्युटरवर कंपायलरच्या फोल्डरात ते मजेत बसलं होतं. टूलला त्या फोल्डरचा रस्ता मी सांगितलाच नव्हता. काखेत कळसा आणि डाळिंबाच्या बागेला वळसा! मी एका ओळीत रस्ता लिहिला. टूल मुकाट्यानं चाललं, बाइंडिंग तयार झालं, आणि पायथननं सी भाषेतल्या यंत्राला पहिला रामराम घातला.

रविवारी सकाळी संस्थेपुढं सगळं गाव होतं. नळाकडे कुणी फिरकलंसुद्धा नाही. काकीचा पहिला नंबर. वाटी ठेवली, मी बटण दाबलं, पावती सरसर बाहेर आली. काकीला अक्षर लागत नाही, म्हणून चेअरमननी मोठ्यानं वाचली. फॅट सात पूर्णांक दोन. पाणी शून्य.

काकी हसलीसुद्धा नाही. पावतीची घडी करून तिनं कमरेच्या पिशवीत ठेवली, महिपतीकडे बघितलं आणि म्हणाली, "म्हशीला सांगते." मग बाजूला सरून उभी राहिली. घरी जायची तिला घाई नव्हती.

दुसरी पावती, पाणी शून्य. तिसरी, शून्य. चेअरमनची, शून्य! गेणबाची तर फॅट त्याला स्वतःलाच खरी वाटेना. चकतीच्या भीतीनं गावानं त्या दिवशी असं दूध घातलं, की म्हशी बदलल्या काय, असं टँकरच्या ड्रायव्हरनं विचारलं. मी यंत्राशेजारी हाताची घडी घालून उभा होतो. लोक माझ्याकडे आदरानं बघत होते. महिपती पावत्या फाडून द्यायला पुढं झाला, पण त्याही यंत्रच फाडत होतं.

शेवटचा कॅन आमच्या घरच्या म्हशीचा होता. आमच्या सौभाग्यवतींनी वाटी ठेवली. पावती आली. पाणी, अठरा टक्के.

चेअरमननी ती दोनदा वाचली. दुसऱ्यांदा जरा जास्तच स्पष्ट.

सगळं गाव ज्या चकतीला घाबरलं होतं, तिच्यात काहीही नाही, हे पक्कं ठाऊक असलेली माणसं गावात तीनच होती. एक मी, दुसरी काकी. आणि तिसरी, जिला मी रोज जेवताना सगळं सांगतो ती. कॅन विसळला होता त्याचंच पाणी राहिलं असेल, असं त्या म्हणाल्या. महिपतीनं घसा साफ केला. काकीसाठी केलेला निर्णय तयारच असल्यामुळे वेगळी सभा घ्यावी लागली नाही. आमचं दूध महिनाभर बंद झालं.

घरी आलो तर मागोमाग काकी पेढे घेऊन हजर. माझ्या पाठीवर हात फिरवला, यंत्र लई खरं बोलतं म्हणाली आणि पंख्याखाली ऐसपैस बसली. काहीतरी बोलायला हवं म्हणून आमच्या सौभाग्यवतींनी खाली बघत विचारलं, "काकी, चहा टाकू?"

"टाक की," काकी म्हणाली. "पर घरात पानी उरलंय का, का समदं डेअरीला घातलंस?"