भीमण्णाची काठी मागे जात नाही

गोल्फची काठी हातात धरून, मान खाली घालून एखादा माणूस चेंडूसमोर किती वेळ उभा राहू शकतो? आमचा भीमण्णा उभा होता तेवढ्या वेळात साहेबाने पाइप भरला, पेटवला, ओढून संपवला आणि बुटावर झटकला. काठी आधी मागे गेली तर मग पुढे येणार ना! ती मागेच जात नव्हती. मध्येच भीमण्णा गर्रकन मान वळवून विचारायचा, "मागं कोन हाय?"

मागे मीच असायचो, फटके लिहायची वही घेऊन. चांगला दहा हात लांब.

"मी आहे, भीमण्णा."

"आनि तुमच्या मागं?"

माझ्या मागे थेट मोहोळपर्यंत माळ होता!

भीमण्णा आमच्या गिरणीत विणाई खात्याचा जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम. खात्याचा साहेब विलायतेचा. त्याला गोल्फशिवाय चैन पडत नसे आणि सोलापुरात जोडीला दुसरा गोरा मिळेना. भीमण्णाचं मनगट बघून त्याने त्यालाच काठी धरायला शिकवलं. माळावर गवताचं नाव नाही, नुसता मुरूम. चेंडू धोंड्यावर आपटला की भलतीकडेच पळायचा.

साहेबाबरोबर दर शनिवारी माळावर जाणारा जॉबर म्हटल्यावर आम्ही काय समजायचं ते समजलो. चुगलखोर! नाहीतर सारखा मागे कशाला बघेल? चोराच्या मनात चांदणं. आमच्या चाळीत खिळा ठोकायचा तरी "मागं कोन हाय?", चादर झटकायची तरी तेच. हॉटेलात भिंतीला पाठ लावून बसणार. मी गिरणीतला हजेरी कारकून, म्हणून माळावर फटके लिहायचं कामही माझ्याच गळ्यात. एकेका कामगाराच्या चार-चार आज्या मेलेल्या मी रजिस्टरात पाहिल्या आहेत, त्यामुळे माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही.

अशात म्हातारा हेड जॉबर काम सोडून गावी निघाला. त्या जागेवर भीमण्णाचा हक्क होता. पण साहेबाने बजावलं, "शनिवार को हम वन-टू-थ्री बोलेगा. बॉल नहीं गया, तो हेड जॉबर दूसरा आदमी!" चेंडू मारायला कचरणारा माणूस खातं काय चालवणार, असं त्याचं म्हणणं.

भीमण्णाने आठवडाभर चाळीमागे छत्रीने सराव केला. छत्रीसुद्धा मागे जाईना.

"येकदा मागं गेली का व्हतंय की," तो मला म्हणाला, पण तोंड उतरलेलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी तो नेहमीसारखा एकटाच बाहेर पडला. मी त्याच्या मागोमाग. आज मात्र त्याने एकदाही वळून पाहिलं नाही, म्हणून माझा संशय आणखीच वाढला. भवानी पेठेत एका बोळात, एका घरासमोर तो थांबला. कडीकडे हात नेला. हात तसाच अधांतरी. बराच वेळ गेला, मग त्याने तो खाली घेतला आणि खाली मान घालून निघून गेला.

म्हटलं, सापडला! मी पुढे होऊन कडी वाजवली. दार एका उंच, वाळक्या माणसाने उघडलं. त्याचा उजवा डोळा कायमचा मिटलेला होता.

"गेला का भीम्या?" त्यानेच मला विचारलं.

हा नरसय्या. मी गिरणीत लागण्याआधी तिथे विणकर होता. त्याचा आणि भीमण्णाचा माग शेजारी शेजारी. बंद पडलेला माग पुन्हा चालू करताना मागच्या माणसाला हाळी द्यायची त्यांची रीत. पंधरा वर्षांपूर्वी एकदा भीमण्णा गप्पांच्या नादात हाळी द्यायला विसरला. त्याने दांडा ओढला, सूत नेणारा टोकदार धोटा मागातून उडाला आणि मागून येणाऱ्या नरसय्याच्या डोळ्यात घुसला.

"तवापासून दर शुक्कुरवारी येतो. कडी काय वाजवत न्हाई."

"मग तुम्ही दार का उघडत नाही?"

"उगडलं तर पळंल की वो! मंग यायचाच बंद हुईल. मी आपला आत बसून त्याच्या पायाचा आवाज ऐकतो. लई बरं वाटतंय."

मला माझी लाज वाटली. तशी ती मला सहसा वाटत नाही, म्हणून सांगतो.

"उद्या माळावर याल?" मी म्हणालो, आणि भीमण्णावर काय वेळ आली आहे ते त्याला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी साहेब "वन" म्हणाला. भीमण्णाची मान घामाने निथळत होती. काठी जागची हलेना. "टू." भीमण्णा वळला. विचारायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. माझ्या शेजारी नरसय्या उभा होता.

"म्या हाय रं, भीम्या," नरसय्या म्हणाला. "लांब हाय. समदं दिसतंय मला. मार तू."

काठी मागे गेली. अशी गेली की जणू तिला कधी अडचण नव्हतीच! साहेबाचं "थ्री" फटक्याच्या आवाजात बुडालं. चेंडू माळाच्या कडेच्या बाभळींच्या पार पलीकडे. साहेब टोपी हलवत "हेड जॉबर! हेड जॉबर!" असं ओरडत सुटला.

भीमण्णाने चेंडूकडे पाहिलंसुद्धा नाही. काठी टाकून तो नरसय्यासमोर येऊन उभा राहिला.

"दुकतंय का रं अजून?" त्याने शेवटी विचारलं.

"थंडीचं जरा दुकतंय," नरसय्या म्हणाला. "तवा आत यिऊन बसत जा की."