कॅफे वोतावातील स्मिताचे प्रकरण

मार्च महिन्यातल्या एका मंगळवारी, व्हिएन्ना शहरातल्या कॅफे वोतावामध्ये, एका वेटरने दोन गिऱ्हाइकांकडे पाहून स्मित केलं. घटना एवढीच आहे. पुढे जे झालं ते रीतसर झालं.

गिऱ्हाईक म्हणजे परदेशातून आलेलं एक जोडपं. कुठून, ते सांगत नाही. हल्ली सगळीकडूनच येतात. त्यांच्या हातात आमच्या नगर-अतिथी विभागाची 'पाहुण्यांसाठी व्यावहारिक सूचना' ही पुस्तिका होती. पुस्तिका चांगली आहे. ट्राममध्ये तिकिटावर शिक्का मारून घ्या, रस्ता रिकामा असला तरी लाल दिव्याला थांबा, रविवारी दुकानं बंद म्हणून पाव शनिवारीच आणून ठेवा, असा सगळा उपयोगी मजकूर. आणि कॉफीगृहांच्या पानावर ठळक अक्षरांत: 'येथील वेटर आपल्याकडे पाहणार नाही. पाहिल्यास आठ्या घालून पाहील. घाबरू नये. हे दुर्लक्ष नसून आमचा वारसा आहे.'

तर वारसा बघायला आलेल्या या जोडप्याला वेटरने दारातच कोट काढायला हात दिला. 'बाहेर गारठा आहे ना?' असं विचारलं. स्ट्रुडेल, म्हणजे सफरचंद भरलेला गोड रोल, ठेवून गेला, आणि परत येऊन म्हणाला, "आवडला का?" बाईंचे डोळे भरून आले. वेटरला वाटलं, सफरचंद आंबट निघालं. त्याने दुसरा तुकडा आणून ठेवला, आपणहून, फुकट. नवऱ्याने तो खाल्ला आणि दोघं तिथून थेट विभागात गेले. तक्रारीचा विषय होता 'फसवणूक'.

या वेटरचं नाव लेओपोल्ड. चाळिशीचा, टक्कल पडू लागलेला, स्टायरियाच्या डोंगरातल्या कुठल्याशा खेड्यातला. तिकडे म्हणे अनोळखी माणसालाही नमस्कार करतात. याच दोषापायी त्याला आधी दोन कॉफीगृहांतून काढलं होतं. मुलीला नुकताच इथल्या शाळेत प्रवेश मिळालेला, बायकोने कधी नव्हे ते पडदे शिवायला टाकलेले. तिसऱ्यांदा नोकरी गेली तर डोंगरातच परत जायचं, एवढंच उरलं होतं.

चौकशीला विभागाचे अधिकारी प्रोहास्का आले, नावाआधी मॅगिस्टर ही पदवी लावून. गोल, गंभीर गृहस्थ. खुर्चीत बसण्याआधी ती खुर्ची अधिकृत आहे ना, हे पाहणारे.

"वोतावाबाई," ते मालकिणीला म्हणाले, "तुमच्या दारावर 'अस्सल व्हिएन्नी कॉफीगृह' अशी पितळी पाटी आहे. ती कशाच्या जोरावर?"

"कॉफीच्या."

"कॉफी विमानतळावरही मिळते. आमच्या पाहणीप्रमाणे पाहुणे इथे अपमानासाठी येतात. कॉफी निमित्त. आणि तुमच्याकडे काय चाललंय? विचारपूस."

"स्वभाव आहे हो त्याचा. गावाकडचा आहे."

"सार्वजनिक ठिकाणी स्वभाव? इस्टरपर्यंत मुदत देतो. वेटर सुधारला तर ठीक, नाहीतर पाटी उतरेल."

"पाटी उतरली की पाहुणे उतरले," वोतावाबाई म्हणाल्या. "आणि पाहुणे गेले तर याला मी कशावर ठेवू?"

याला म्हणजे लेओपोल्डला. तो शेजारीच तबक घेऊन उभा होता. "साहेब," तो म्हणाला, "दम लागलेला दिसतोय. पाणी देऊ का आधी?"

"बघा," प्रोहास्का वोतावाबाईंना म्हणाले. "तोंडावर बोलतो."

लेओपोल्डला सुधारण्याचं काम आम्हा नेहमीच्या गिऱ्हाइकांवर आलं. माणूस आम्हाला हवा होता, म्हणून त्याला बिघडवणं भाग होतं. शिकवायला फर्डिनांड होते. इथले जुने वेटर. निवृत्त झाल्यावरही रोज येतात आणि खिडकीशी बसून नव्यांच्या चुका काढतात. त्यांच्या काळात एका गिऱ्हाइकाने मागवलेली कॉफी त्याच्या जावयाला मिळाली होती.

"गिऱ्हाईक आत आलं," फर्डिनांड म्हणाले. "तू काय करशील?"

"या म्हणेन."

"चूक. तू गिऱ्हाइकांना वाचायची वर्तमानपत्रं लाकडी दांड्यांना लावत बसायचं. लावलेली असतील तर काढून परत लावायची."

"पण त्यांना तहान लागली असेल."

"ती तुला कशी कळली? तू वेटर आहेस, डॉक्टर नव्हेस. डॉक्टर ते तिथे बसलेत."

हे माझ्याकडे बोट दाखवून. मी डॉक्टर नाही. मी चष्मा लावतो. फर्डिनांडनी मला ही पदवी फार पूर्वी दिली आणि ती परत मागण्याचं धाडस कुठल्या विद्यापीठाने केलेलं नाही. आमच्याकडे पदवीशिवाय बसणाऱ्याला उभ्यासारखंच वाटतं. शेजारच्या टेबलावरच्या स्वोबोदाबाईंच्या यजमानांना सरकारकडून 'दरबारी सल्लागार' ही पदवी मिळाली होती. दरबार जाऊन शंभर वर्षं झाली, यजमान जाऊन बरीच झाली. बाई अजून सल्लागारबाईच आहेत आणि त्यांचा आखूड पायांचा म्हातारा कुत्रा नेपोमुक हा सल्लागारांचा कुत्रा आहे.

सरावासाठी मी पाहुणा झालो. "एक कॉफी," मी म्हणालो.

याचं उत्तर ठरलेलं आहे. आमच्याकडे कॉफीच्या प्रकारांना नावं असतात. नुसती कॉफी मागणं म्हणजे स्टेशनवर जाऊन 'एक गाडी द्या' म्हणणं. वेटरने छताकडे पाहत म्हणायचं, "कॉफी नावाचं आमच्याकडे काही मिळत नाही."

लेओपोल्डने छताकडे पाहिलं. घसा साफ केला. "कॉफी नावाचं आमच्याकडे काही... तुम्हाला दूध घालून चालतं का? मी करून आणतो ना."

फर्डिनांडनी डोळे मिटून घेतले.

"अरे, मला शिवी दे म्हणत नाही मी," ते म्हणाले. "फक्त मी नाही असं समज."

"पण तुम्ही आहात की."

"अजून आहे," फर्डिनांड म्हणाले. "तुझी शिकवणी चालू राहिली तर भरवसा नाही."

"छळू नका त्याला," सल्लागारबाई मध्ये पडल्या. "एवढ्या वर्षांत नेपोमुकची वाटी न सांगता भरणारा हा पहिलाच. तुम्ही तर त्याच्या शेपटीवर दोनदा पाय दिला होतात, फर्डिनांड."

"सल्लागारबाई, तोही वारसाच."

चार-सहा शिकवण्यांनंतर लेओपोल्ड ते वाक्य शेवटपर्यंत म्हणू लागला. फक्त त्यानंतर "माफ करा हं" असं पुटपुटायचा.

विभाग तोवर स्वस्थ बसला नव्हता. एका तक्रारीवरून मागणी किती आहे हे कळल्यामुळे त्यांनी शहरभर तुसडेपणाला श्रेणी लावून दिल्या: साधी उपेक्षा, मध्यम खेकसणे आणि विशेष अपमान. देश, धर्म, वर्ण न पाहता सर्वांना समान प्रमाणात तुसडेपणा मिळालाच पाहिजे, असं परिपत्रक निघालं. हृदयविकार असलेल्यांना आधी विचारावं, अशी दुरुस्ती मागाहून आली. परिणामी गावातले जातिवंत तुसडे वेटर हवालदिल झाले. कोपऱ्यावरच्या कॉफीगृहातला वेटर तर गिऱ्हाइकासमोर वाकून विचारायला लागला, "आपल्याला अपमान कॉफीआधी चालेल, की नंतर घ्याल?" आणि एका पाहुण्याला खेकसणं पुचाट वाटलं, म्हणून त्याची पुष्पगुच्छ देऊन माफी मागावी लागली. ज्याने आयुष्यात कुणाला 'प्लीज' म्हटलं नव्हतं, त्याच्यावर ही वेळ आली. सगळ्या व्हिएन्नात आता एकच वेटर मनापासून वागत होता, आणि त्याचीच नोकरी जायची होती.

इस्टरआधीचा गुरुवार आला. त्या दिवशी आमच्याकडे पालक खातात. सगळ्या स्वयंपाकघरात हिरवी वाफ होती. दुपारी एक गोल पर्यटक आत आला. पिवळा रेनकोट, गळ्यात कॅमेरा, हातात पुस्तिका. प्रोहास्का वेष बदलून आले होते. फक्त बसण्याआधी त्यांनी खुर्ची तपासली, त्यावरून आम्ही ओळखलं. मी लेओपोल्डला खूण करायला वळलो, तर लेओपोल्ड जागेवर नव्हता.

तो जमिनीवर होता. नेपोमुक भिंतीशी असलेल्या लाल कोचाखाली शिरून खोली तापवणाऱ्या गरम पाण्याच्या नळांमध्ये अडकला होता आणि बारीक आवाजात रडत होता. सल्लागारबाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. लेओपोल्ड काळ्या कोटासकट पालथा पडून, डोकं कोचाखाली घालून, हातात हॅमचा तुकडा धरून त्याला बाहेर ओढत होता. दालनाकडे त्याची पाठ होती. पाठ म्हणण्यापेक्षा खालची बाजू होती.

"वेटर," प्रोहास्का म्हणाले. "एक कॉफी."

"गप बस," कोचाखालून आवाज आला. "हलू नकोस."

प्रोहास्का बसले.

"अहो, मी किती वेळ..."

"ओरडतोस कशाला? खाऊन खाऊन हे पोट करून ठेवलंस, म्हणून ही वेळ आली."

प्रोहास्कांनी रेनकोट पोटावर ओढून घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असा काही उजेड पसरला, जो मी फक्त चर्चमधल्या चित्रांत पाहिला आहे.

अखेर नेपोमुक बाहेर आला. लेओपोल्डने एका काखेत कुत्रा घेतला, दुसऱ्या हाताने सल्लागारबाईंना आधार दिला आणि त्यांना घरी पोचवायला निघाला. प्रोहास्कांच्या टेबलाला घासून गेला, पण त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याला ते दिसलेच नव्हते. प्रोहास्का बराच वेळ रिकाम्या टेबलाशी बसून राहिले. जाताना दाराशी थांबून वोतावाबाईंना म्हणाले, "माझ्या आजोबांना अशी वागणूक मिळायची. मला वाटलं होतं, ती माणसं संपली."

पाटी राहिली. लेओपोल्डसाठी 'अतिविशेष' ही नवी श्रेणी काढण्यात आली, आणि नव्या वेटरांना शिकवायला विभागाने त्यालाच बोलावलं. तो खोटं बोलू शकत नाही. उभा राहून त्याने जे केलं होतं ते सांगितलं: "समोरच्या गिऱ्हाइकाकडे सरळ पाठ करायची, आणि ज्याला खरी गरज आहे त्याच्याकडे जायचं." विभागाने वाक्याचा पहिला अर्धा भाग छापला. पुस्तिकेच्या नव्या आवृत्तीत तो कॅफे वोतावाच्या नावासकट आहे.

तेव्हा तुम्ही येणारच. तुम्हालाही एक व्यावहारिक सूचना देऊन ठेवतो. लेओपोल्ड सुधारलेला नाही. तो दारात तुमचा कोट घेईल, रात्री झोप लागली का विचारेल आणि स्ट्रुडेल आवडला नाही तर दुसरा आणून देईल. निमूट खा. कुठेही तक्रार करू नका. पडदे आता शिवून आलेत, मुलगी पहिलीत गेली आहे. घरी गेल्यावर चार लोकांना एवढंच सांगा की व्हिएन्नाच्या वेटरने तुम्हाला कुत्र्यासारखं वागवलं.

आमच्याकडे नेपोमुकला कसं वागवतात ते तुम्ही वाचलंच आहे, म्हणजे ते खोटंही ठरणार नाही. आणि ठरलं तरी काय. परदेशातून परत गेल्यावर घरी काय सांगायचं, याच्या सूचना तुम्हाला देण्याची वेळ आजवर कुणावर आलेली नाही.